तांदळाच्या डब्यातला मोबाईल



मोबाईल भिजला की आपण तो तांदळात खुपसतो. ही युक्ती मोबाईलपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ साली सिलिका जेलचं पेटंट मिळालं, पण ते सगळीकडे मिळत नसे. तेव्हा दमट प्रदेशांतले फोटोग्राफर बंद डब्यात फिल्मशेजारी भाजलेला तांदूळ ठेवत. भाजून कोरडा झालेला तांदूळ हवेतली ओल ओढून घेई. आपण युक्ती घेतली, भाजणं विसरलो. चातुर्मासात जालन्यातही डब्यातला तांदूळ आधीच ओल धरलेला असतो. शिवाय आत शिरलेलं पाणी त्याने निघत नाही. तांदळाचे कण फोन बिघडवू शकतात, असं २०२४ मध्ये अ‍ॅपलनेही सांगितलं.

चहा, दूध, मांजराची लघवी सुकली तरी क्षार मागे राहतात आणि आतलं तांबं खातात. म्हणून आधी मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा. फोन बंद ठेवा, चार्जिंगला लावू नका. रिमोटचे सेल काढा, पुसा, पंख्याखाली वाळवा. मिक्सर, टीव्ही मेकॅनिककडेच द्या. वस्तू वाचली की नवी खरेदी टळते. अपरिग्रह घरात असाच पाळला जातो. तांदूळ मात्र स्वयंपाकालाच ठेवा.