यू वृक्ष: एका विषारी झाडाचं औषध आणि त्याची किंमत

आज एका झाडाची गोष्ट सांगतो. यू हा थंड प्रदेशातला सदाहरित वृक्ष. युरोपात त्याची ओळख विषारी झाड म्हणूनच होती. एबुरोन टोळीचा म्हातारा राजा कातुवोल्कस याने यूचं विष घेऊन जीव दिला, असं ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय.

याच झाडाचा एक भाऊबंद अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलात वाढतो. लाकूडतोड्यांच्या लेखी त्याला मोल नव्हतं. मोठी झाडं तोडली की उरलेल्या पाल्यापाचोळ्याबरोबर तोही जाळून टाकत. १९६२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यात त्याची साल गोळा केली. कर्करोगावर उपयोगी पडतील अशा वनस्पतींचा तेव्हा सरकारी शोध चालू होता. त्या सालीतून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी टॅक्सॉल वेगळं काढलं, आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले!

पण ते काम कसं करतं? १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी ते दाखवलं. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक नळ्या उभ्या राहतात आणि मोडतात. टॅक्सॉल त्यांना मोडूच देत नाही. पेशी तिथेच अडकते आणि मरते. १९९२ च्या अखेरीस अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता खरी अडचण बघा. एक किलो औषधाला सुमारे दहा हजार किलो साल लागायची, आणि साल सोलली की झाड मरतं. यू वाढतोही फार सावकाश. म्हणजे एकीकडे आजारी बाई, दुसरीकडे शंभर-दोनशे वर्षांचं झाड. कोणाला वाचवायचं? मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. असा प्रश्न आला की आम्ही लगेच दोन बाजू मांडून वाद घालतो.

रसायनशास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. फ्रान्समध्ये प्येर पोतिए आणि अमेरिकेत रॉबर्ट हॉल्टन यांनी युरोपीय यूच्या पानांतल्या द्रव्यापासून हे औषध तयार करण्याच्या रीती शोधल्या. पानं खुडली तरी झाड जगतं, पुन्हा पालवी फुटते. काही वर्षांतच सालीची गरज संपली.

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं: ‘हे की ते’ असं कोडं समोर आलं, तर निवड करण्याआधी तिसरी वाट खरंच शोधली का, हे स्वतःला विचारावं. आणि ती सापडेपर्यंत निरुपयोगी म्हणून काही जाळू नये.