आजारी माणसाने नाटकाला जावे का?

आज एक जुनी चूक कबूल करायची आहे, आणि त्या निमित्ताने थोडा इतिहासही सांगायचा आहे. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे एकाशिवाय दुसरे जमत नाही.

गोष्ट १९८६ सालची. आमच्या शाळेतले विज्ञानाचे एक शिक्षक दीड महिना वैद्यकीय रजेवर होते. शिक्षकांच्या खोलीतल्या भाषेत सांगायचे तर त्यांनी ‘मेडिकल टाकली’ होती. नेमके काय झाले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांचे तास आम्हा चौघांत वाटले गेले होते, त्यामुळे कुरकुर चालू होती. एका शनिवारी मी नाटकाला गेलो. मध्यंतरात बाहेर येऊन पाहतो तो काय, हे गृहस्थ हातात वडा घेऊन कोणाशी तरी हसत उभे! सोमवारी शाळेत गेल्या गेल्या मी ते मुख्याध्यापकांच्या कानावर घातले. त्यांना लेखी खुलासा मागितला गेला आणि पुढची रजा बिनपगारी झाली. मला तेव्हा वाटले, मी न्यायच केला.

आजारी माणसाने घराबाहेर, तेही हसताना, दिसता कामा नये ही कल्पना माझ्या डोक्यात कुठून आली? निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा याच्या मागे लागलो.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. आजारपणाचे पैसे मिळत नव्हते तोवर आजारी मजूर कुठे जातो याची कोणाला फिकीरच नव्हती. काम बंद, पैसे बंद, विषय संपला. दुसरा कोणीतरी पैसे देऊ लागला, तेव्हा पाळत सुरू झाली.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कामगारांनी परस्पर मदतीची मंडळे काढली होती. आपल्या भिशीची चुलत बहीणच म्हणा. दर आठवड्याला किंवा महिन्याला थोडी वर्गणी भरायची आणि आजारी पडले की त्यातून पैसे घ्यायचे. मेल्यावर अंत्यविधीचा खर्चही त्यातूनच. १७९३ साली त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. पैशांची पेटी पुष्कळदा गावातल्या दारूच्या गुत्त्यात ठेवलेली असे आणि तिला दोन-तीन कुलुपे असत, म्हणजे एकट्याला ती उघडता येऊ नये. मंडळाच्या सभाही गुत्त्यातच भरत.

गंमत पुढेच आहे. ज्या गुत्त्यात वर्गणी भरायची, त्याच गुत्त्यात आजारपणाचे पैसे घेणाऱ्या सभासदाला जायची बंदी! अनेक मंडळांच्या नियमांत संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर घराबाहेर राहायचे नाही, दारू प्यायची नाही, जुगार खेळायचा नाही, कोणतेही काम करायचे नाही, असे लिहिलेले असे. मंडळाचे माणूस घरी येऊन पाहून जाई. नियम मोडलेला सापडला तर दंड, नाहीतर पैसे बंद.

हे वाचताना पहिल्यांदा मला त्या लोकांचा राग आला. पण विचार केला तर त्यांची बाजूही दिसते. पन्नास-शंभर माणसांची पेटी. एकाने दोन आठवडे उगाच जास्त घेतले तर उद्या खरोखर अंथरुणाला खिळलेल्याला किंवा एखाद्या विधवेला द्यायला पेटीत काही उरायचे नाही. शेजाऱ्याच्या पैशावर तू झोपला आहेस, तर निदान झोपलेला दिस, असा तो हिशोब होता.

पुढे पेटी सरकारची झाली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये १९११ साली लॉईड जॉर्ज यांनी तसाच कायदा आणला. आजारी पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग, बाईला साडेसात. घरी येऊन पाहण्याची पद्धत तशीच राहिली. फक्त आजारी बाईकडे बाईनेच जावे असे कायद्यात घातले. लवकरच बायकांच्या मागण्या अंदाजापेक्षा फारच जास्त येऊ लागल्या आणि लबाडीची ओरड झाली. चौकशी समिती नेमली गेली, १९१४ साली तिचा अहवाल आला. त्यातून दिसले ते असे की यातल्या कितीतरी बायका खरोखरच आजारी होत्या. आधी पैसे मिळत नव्हते म्हणून त्या तशाच कामावर जात होत्या, एवढेच.

या पाळतीला त्या काळच्या वैद्यकाचाही आधार होता. आजारी म्हणजे पडून राहणारा, अशीच समजूत होती. अमेरिकेत वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी मनाने खचलेल्या बायकांसाठी विश्रांतीचा उपचार काढला होता. अंथरूण सोडायचे नाही, लोकांना भेटायचे नाही, वाचायचे-लिहायचे नाही. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने तो उपचार भोगला आणि १८९२ साली एका कथेत अशी खोलीत कोंडलेली बाई वेडाच्या टोकाला कशी जाते ते दाखवले. पण डॉक्टरांना जाग यायला अर्धे शतक जावे लागले. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरांनी अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके सांगणारा लेख लिहिला. १९५२ साली लिव्हाइन आणि लाउन या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या रुग्णांना कित्येक आठवडे पलंगावर आडवे ठेवण्याऐवजी खुर्चीत बसवायला सुरुवात केली.

आता आपल्याकडे येऊ. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यातले ६४ वे कलम मी दोनदा वाचले. आजारपणाचे पैसे घेणाऱ्याने उपचार चालू ठेवावेत, तपासणी करू द्यावी, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उपचाराचे क्षेत्र सोडू नये, आणि बरे होण्यात अडथळा येईल असे काही करू नये, असे त्यात होते. घरात बसा असे नव्हते, संध्याकाळी बाहेर पडू नका असेही नव्हते. क्षेत्र सोडण्याची अट मात्र मुंबईच्या गिरणी कामगाराला जड गेली असणार. आजारी पडला की कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या आपल्या गावी जायचे, हा त्याचा रिवाज होता. तिथे घरची पेज होती आणि आईचा हात होता.

बाहेरच्या देशांत आजही दोन्ही तऱ्हा आहेत. इटलीत आजारपणाच्या रजेवरच्या माणसाने रोज, अगदी रविवारीसुद्धा, १० ते १२ आणि ५ ते ७ घरी सापडले पाहिजे. सरकारी डॉक्टर केव्हाही दार वाजवू शकतो. जर्मनीत घरी बसण्याची सक्ती नाही. तिथे प्रश्न एवढाच, की जे केले त्याने बरे होणे लांबले का?

मला वाटते हाच खरा प्रश्न आहे. पाठ धरलेला माणूस भिंत बांधताना दिसला तर जरूर विचारावे. गोवर झालेल्याने लग्नाच्या पंगतीत बसू नये. पण पाय मोडलेल्याने कीर्तन ऐकले तर कोणाचे काय बिघडले?

आमच्या त्या सरांना काय झाले होते ते मला सात-आठ वर्षांनी कळले, त्यांच्याच तोंडून. झोप उडाली होती, वर्गात उभे राहिले की हातपाय कापायचे, जगण्यात राम उरला नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि बजावले होते की खोलीत बसून राहू नका, माणसांत जा. त्या शनिवारी त्यांचा मेहुणा त्यांना ओढूनच घेऊन आला होता. “कितीतरी दिवसांनी हसलो होतो हो त्या दिवशी,” ते म्हणाले.

कोणी सांगितले ते त्यांना ठाऊक होते की नाही, मला माहीत नाही. त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ते जाऊनही आता बरीच वर्षे झाली. तेव्हा मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, “सर, आता बरे आहे का?” आणि तो मुख्याध्यापकांना नव्हे, त्यांनाच विचारायला हवा होता. नाट्यगृहात आमच्यामध्ये दहा पावलांचेही अंतर नव्हते.