जुळलेले उत्तर बरोबरच असते का?

वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा पेपर सुटला, की केंद्राबाहेर विद्यार्थ्यांची कोंडाळी जमतात. 'तुझे उत्तर काय आले?' या प्रश्नाने सुरुवात होते. चौघांचे उत्तर एक निघाले, तर पाचव्याचा चेहरा उतरतो. दोन वर्षांच्या परिश्रमांचा निकाल जणू तिथेच लागतो. पण चौघांचे जुळले म्हणून उत्तर बरोबर ठरते का? या परीक्षांची रचना आणि अलीकडचे वाद पाहिले, तर तसे म्हणता येत नाही.

पेपर एकच नसतो

राज्याची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. ही परीक्षा अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. त्यामुळे सकाळच्या सत्रातील विद्यार्थ्याने दुपारच्या सत्रातील मित्राशी गुणांची तुलना करण्यात अर्थ नसतो. निकालही थेट गुणांवर लागत नाही, तर पर्सेंटाइलवर लागतो. त्याच सत्रातील किती टक्के परीक्षार्थींना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळाले, हे पर्सेंटाइल सांगते. पेपर अवघड गेला, तर तो सत्रातील इतरांनाही अवघड गेलेला असू शकतो.

'नीट'मध्ये प्रश्नपत्रिका घरी नेता येते. मात्र तिचे संच वेगवेगळे असल्याने एकाचा दहावा प्रश्न दुसऱ्याच्या संचात भलत्याच क्रमांकावर असतो. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे १, असा हिशेब असल्याने एका प्रश्नाने ५ गुणांचा फरक पडतो. नुसते पर्यायाचे क्रमांक आठवून केलेली बेरीज म्हणूनच फसवी ठरते.

एक प्रश्न, दोन उत्तरे

५ मे २०२४ रोजी झालेल्या 'नीट'मधील अणूविषयीचा भौतिकशास्त्राचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकानुसार त्याचे एक उत्तर येत होते, तर नव्या पुस्तकानुसार दुसरे. एनटीएने दोन्ही पर्यायांना गुण दिले. त्यापैकी एक पर्याय सुमारे ४ लाख २० हजार विद्यार्थ्यांनी निवडला होता. न्यायालयाच्या आदेशावरून दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी प्रश्न तपासला. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. त्यामुळे एकच पर्याय बरोबर ठरतो, असा निर्वाळा त्यांनी दिला. पूर्ण गुण मिळवून पहिल्या स्थानी असलेल्या ६१ विद्यार्थ्यांपैकी ४४ जणांचे गुण या प्रश्नावर अवलंबून होते. सुधारित निकालात पहिल्या स्थानी १७ जण उरले. लाखोंचे उत्तर आपापसांत जुळत होते, तरीही ते चूक ठरले.

तुलनेचा उपयोग झाला तेव्हा

याची दुसरी बाजूही आहे. २७ एप्रिल २०२५ रोजी सीईटीच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका आढळल्या. कितीही वेळा गणित सोडवले, तरी येणारे उत्तर पर्यायांत नव्हतेच, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली. एकट्या विद्यार्थ्याला अशा वेळी आपलेच चुकले असे वाटते. अनेकांचा अनुभव सारखा निघाला, की दोष पेपरमध्ये असल्याचे ध्यानात येते. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण असल्याने २०० पैकी ४२ गुणांचा हा मामला होता. सीईटी कक्षाने चूक मान्य केली आणि ५ मे रोजी २७ हजार ८३७ विद्यार्थ्यांसाठी फेरपरीक्षा घेण्यात आली.

उत्तरसूचीही चुकू शकते

अधिकृत उत्तरसूची अंतिम मानावी काय, हा प्रश्न जुना आहे. कानपूर विद्यापीठाच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसंबंधी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निवाडा आजही आधारभूत मानला जातो. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी त्यात तत्त्व सांगितले, की उत्तरसूची बरोबरच आहे असे गृहीत धरावे. मात्र ती निःसंशय चूक असल्याचे दिसल्यास त्याची शिक्षा विद्यार्थ्याला होऊ नये. योगायोग असा, की २०२४ चा 'नीट'चा वाद त्यांचेच पुत्र, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठासमोर चालला.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

कोंडाळ्यातील चर्चेपेक्षा अधिकृत मार्ग अधिक भरवशाचा आहे. परीक्षेनंतर संकेतस्थळावर विद्यार्थ्याने नोंदवलेली उत्तरे आणि तात्पुरती उत्तरसूची उपलब्ध होते. ती शांतपणे ताडून पाहावी. उत्तरसूचीत चूक वाटल्यास ठरावीक मुदतीत शुल्क भरून आक्षेप नोंदवता येतो. आक्षेपासाठी पाठ्यपुस्तकातील पानाचा किंवा गणिताच्या पूर्ण उकलीचा आधार जोडावा. 'सगळ्यांचे हेच उत्तर आले' हा पुरावा ठरत नाही. मुदत थोड्याच दिवसांची असते, हे पालकांनीही लक्षात ठेवलेले बरे.

पुढे आणखी एखादी परीक्षा असेल, तर तोपर्यंत उत्तरांची चर्चा टाळणेच श्रेयस्कर. झालेल्या पेपरातील गुण चर्चेने वाढत नाहीत. मात्र पुढच्या पेपरच्या तयारीचा वेळ आणि मनाची उमेद दोन्ही त्यात खर्ची पडतात.