मोटारसायकलचे आऱ्यांचे चाक

मोटारसायकलचे आऱ्यांचे चाक : मधला तुंबा व बाहेरचे धातूचे कडे (रिम) यांना ताणलेल्या पोलादी तारांनी जोडून तयार केलेले चाक. या तारांना आरे म्हणतात. व्यवहारात ‘स्पोक’ हा शब्द रूढ आहे. वजनाला हलके, धक्के सोसणारे आणि सुटे भाग बदलून दुरुस्त करता येणारे असे हे चाक असले, तरी आऱ्यांतील ताण वेळोवेळी तपासावा लागतो. मुंबईच्या गिरगाव, लालबाग, परळ व दादर या जुन्या वस्त्यांतील रस्ते व पावसाळा यांमुळे तेथे या तपासणीला विशेष महत्त्व आले.

रचना व कार्य : बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे खांबांप्रमाणे ओझे दाबाच्या रूपाने पेलतात. तारेचा आरा मात्र दाबाखाली वाकतो. म्हणून तो आधीच ताणून बसवितात. ओझे आले की तुंब्याखालच्या आऱ्यांतील ताण काहीसा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. चाकाची मजबुती या शिल्लक ताणावर अवलंबून असते. आऱ्याचे वाकविलेले टोक तुंब्याच्या भोकात अडकविलेले असते व दुसऱ्या टोकाच्या आट्यांवर निपल फिरवून ताण कमीजास्त करता येतो. एका चाकात बहुधा ३६ किंवा ४० आरे असतात. ते तुंब्यापासून तिरपे व एकमेकांना छेदून बसविल्यामुळे साखळीची ओढ आणि ब्रेकचा पीळ सहन करू शकतात.

इतिहास : ताणलेल्या आऱ्यांची कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली. पॅरिसचे यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारेच्या आऱ्यांच्या चाकाचे एकस्व घेतले, तर जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तिरप्या आऱ्यांच्या चाकाचे एकस्व मिळविले. सायकलीसाठी विकसित झालेली ही रचना पुढे मोटारसायकलीत आली. डाइमलर यांच्या १८८५ मधील यंत्रचलित दुचाकीची चाके लाकडी होती. १८९४ मध्ये विक्रीस आलेल्या हिल्डेब्रांट व वोल्फम्युलर यांच्या मोटारसायकलीला तारेचे आरे होते.

भारतात १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूर येथे जावा व उत्तर भारतात राजदूत या मोटारसायकलींचे उत्पादन सुरू झाले. या सर्व गाड्यांना आऱ्यांची चाके होती. त्याच काळात लोकप्रिय असलेल्या व्हेस्पा व लँब्रेटा या स्कूटरांची चाके मात्र पत्र्याची असत. त्यामुळे स्कूटरमालकास आऱ्यांची चिंता नव्हती. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० व यामाहा आरएक्स १०० या हलक्या गाड्या आल्या आणि आऱ्यांचे चाक मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचले.

मुंबईतील परिस्थिती : मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची व १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली, ३१ मार्च १९६४ रोजी ती बंद झाली. तोपर्यंत गिरगाव, लालबाग, परळ व दादर भागांतील दुचाकीस्वारांना रस्त्यातील रूळ ओलांडावे लागत. ट्राम गेली तरी धक्क्यांची कारणे उरलीच. डांबर उखडून पडलेले खड्डे, मागाहून बसविलेल्या फरशा (पेव्हर ब्लॉक) आणि २०११ मध्ये खुल्या झालेल्या लालबाग उड्डाणपुलावरील सांधे ही त्यांपैकी काही होत. परळ-दादर सीमेवरील हिंदमाता परिसरात कित्येक दशके पावसाचे पाणी तुंबत आले व पाण्याखालचा खड्डा दिसत नसल्याने चाक त्यात वेगाने आदळे. शहरात वर्षाकाठी २,००० मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो. त्यात समुद्राची खारी हवा आणि चाळींच्या बोळांत उघड्यावर उभी असलेली गाडी. यांमुळे आरे व निपले गंजतात. गंजून घट्ट बसलेले निपल फिरत नाही आणि पाना लावताच आरा तुटतो.

सैल आऱ्यांचे परिणाम : ताण उतरलेला आरा चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ढिला व घट्ट होतो. त्यामुळे वाकविलेल्या टोकाशी धातूला शीण येऊन तो तेथेच तुटतो. त्याचा भार शेजारच्या आऱ्यांवर पडतो व तेही क्रमाने निकामी होतात. कडे वाकडे झाले, म्हणजे चाक ‘आउट’ झाले, की वेगात हँडल थरथरते. तुटलेला आरा ट्यूबमध्ये घुसल्यास हवा एकदम निघून गाडी घसरण्याचा धोका असतो.

तपासणी व दुरुस्ती : गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाक अधांतरी करतात. हवा भरण्याच्या वाल्वपासून आरंभ करून प्रत्येक आऱ्यावर लहान पान्याने हलकेच ठोकतात. घट्ट आरा टणत्कार करतो, सैल आरा बद्द वाजतो. शेजारचे दोन आरे चिमटीत दाबूनही सैलपणा समजतो. नंतर चाक फिरवून स्थिर ठेवलेल्या खुणेपासून कड्याचे अंतर पाहतात. बाजूस किंवा वरखाली सु. २ मिमी.पेक्षा अधिक फरक आढळल्यास ‘आउट काढणे’ आवश्यक ठरते. निपल एका वेळी पाव ते अर्धा फेराच फिरवितात व समोरच्या बाजूचा ताण लगेच पाहतात. एकच आरा फार आवळल्यास कडे त्याच्याकडे ओढले जाते व आऱ्याचे टोक ट्यूबला लागू शकते. अनेक आरे सैल असल्यास टायर काढून काम करणे इष्ट असते. नवे आरे घातल्यानंतर काही शे किमी. अंतरावर ताण पुन्हा तपासावा लागतो. ही विद्या सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना पूर्वीपासून अवगत होती. मोटारसायकलीसाठी तीच उपयोगी पडली.

बदल व सद्यःस्थिती : २००० नंतरच्या दशकात ओतीव मिश्रधातूची चाके सर्रास वापरात आली. त्यांत ताण राखावा लागत नाही व ट्यूबविरहित टायर बसविता येतो. परंतु जबर आघाताने ती तडकतात आणि त्यांचा एखादाच भाग बदलता येत नाही. आऱ्यांची चाके मात्र लुप्त झाली नाहीत. स्वस्त गाड्या, खडतर वाटांच्या गाड्या आणि काही बुलेट यांना ती अद्याप असतात. गिरगावातील गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून स्त्रिया ज्या बुलेट चालवितात, त्यांतही ती दिसतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी दुचाकीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी वैध असते व त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी तिची तपासणी होते. मधल्या काळात प्रदूषण प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या चाचणीत केवळ धूर तपासला जातो, चाक नव्हे. त्यामुळे पहिली १५ वर्षे आऱ्यांची जबाबदारी मालक आणि त्याचा कारागीर यांच्यावरच राहते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर काही मिनिटे खर्चून केलेली ठोकून-ऐकून पाहणी हाच यावरील सर्वांत सुलभ उपाय होय.