श्वास मोजणाऱ्या बाया आणि 'आधी कसं होतं?' हा प्रश्न

"डॉक्टर आलेच नाहीत, नुसती सिस्टर बघून गेली." ही तक्रार मला नेहमी ऐकायला मिळते. एकोडीतून किंवा आजूबाजूच्या गावांतून पेशंटला मोठ्या दवाखान्यात भरती केलं, की नातेवाईक परत येऊन पहिलं हेच सांगतात. तक्रारीतल्या 'नुसती' या शब्दाबद्दल आज लिहायचं आहे.

भरती झालेल्या पेशंटजवळ डॉक्टर दिवसातून फार तर दहा-पंधरा मिनिटं असतो. उरलेला दिवस आणि सगळी रात्र नर्सची. पेशंट बिघडतो तो आमच्या राउंडची वेळ पाहून बिघडत नाही. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे बहुतेक वेळा पहिल्यांदा तिच्याच लक्षात येतं. हे लक्षात येणं, त्याचा अर्थ लावणं, आणि आता डॉक्टरला उठवायचं की अर्धा तास वाट पाहायची हे ठरवणं, यालाच क्लिनिकल जजमेंट म्हणतात.

हे काही अंगभूत कौशल्य नव्हे, शिकता-शिकवता येतं, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने दीडशे वर्षांपूर्वीच मांडलं. १८५४ मध्ये ती क्रिमियन युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीला गेली, हे शाळेत आपण सगळेच शिकतो. दिवा घेतलेलं चित्रही डोळ्यांसमोर येतं. पण १८५९ मध्ये तिने शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात रोग्याच्या निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि मला ते दिव्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. 'रात्री झोप बरी लागली का?' असं विचारूच नका, असं ती बजावते. त्याचं उत्तर प्रत्येक जण आपापल्या मापाने देतो. किती तास झोप झाली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी झाली, ते विचारा. 'बरा आहे का?' या प्रश्नावर तर तिचा विशेष राग होता. कशाच्या तुलनेत बरा?

आता आपल्याजवळची गोष्ट. वैनगंगा आपल्या भंडाऱ्यातून पुढे गडचिरोलीकडे जाते. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी तिथे लहान मुलं मोठ्या संख्येने न्यूमोनियाने दगावत. 'डब्बा झाला' असं म्हणून लोक अंगारे-धुपारे करत, पोटावर डागण्या देत. डॉक्टर कोसो दूर, एक्स-रे त्याहून दूर. मग न्यूमोनिया ओळखायचा कोणी, आणि स्टेथोस्कोपशिवाय कसा?

याचं अर्धं उत्तर पापुआ न्यू गिनीतून आलं होतं. तिथे डॉ. फ्रँक शॅन यांनी दाखवलं, की खोकला असलेल्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० च्या वर गेला असेल तर न्यूमोनियाची शक्यता मोठी असते. म्हणजे मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे पूर्ण एक मिनिट बघायचं आणि श्वास मोजायचे. पण गडचिरोलीच्या अनेक सुईणींना दहाच्या फार पुढे मोजता येत नव्हतं. म्हणून बंग दांपत्याने एक साधं उपकरण केलं: एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन रांगा. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वेगळी रांग, कारण त्याची मर्यादा ६०. तो प्रयोग १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ज्या गावांत हे काम चाललं, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

श्वास मोजता येतात, म्हणून हे तसं सोपं. खरा कस लागला तो नवजात बाळांच्या बाबतीत. पहिल्या २८ दिवसांत बाळाला जंतुसंसर्ग झाला, तर ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं. ते रडून सांगत नाही, उलट रडणंच कमी होतं. घरच्यांना वाटतं, बाळ किती शांत आहे! हॉस्पिटलमध्ये आम्ही रक्ताचं कल्चर करतो, तरी पुष्कळदा त्यात काही सापडत नाही. मग फार तर दहावीपर्यंत शिकलेली गावातली बाई हे कसं ओळखणार?

तिला शिकवलेली लक्षणं वाचली, की मला नाइटिंगेलचीच आठवण होते. आधी नीट रडणारं बाळ आता क्षीण रडतंय किंवा रडेनासं झालंय का? आधी छान दूध ओढत होतं, आता ओढेना का? हातपाय ढिले पडलेत का? छातीत खड्डा पडतोय का? बेंबीत पू? उलट्या, पोट फुगणं? आणि एक लक्षण असं, जे माझ्या एमडीच्या पुस्तकांत कधी भेटलं नाही: 'बाळ हाताला गार लागतं, असं आई सांगते.' आईचं म्हणणं हेच लक्षण म्हणून धरलेलं. यांतली कोणतीही दोन एकदम दिसली, तर जंतुसंसर्ग समजायचा.

यातला 'आधी-आता' हा भाग नीट बघा. तो साधायचा तर बाळ पहिल्या दिवसापासून पाहिलेलं हवं. म्हणूनच या आरोग्यदूत जन्माच्या वेळी हजर राहत, मग पुन्हा पुन्हा घरी जाऊन वजन, तापमान, श्वास लिहून ठेवत. बाळ दवाखान्यात पहिल्यांदाच पाहणाऱ्या मोठ्यात मोठ्या तज्ज्ञाकडेही ही तुलना नसते.

जंतुसंसर्ग वाटला तर आधी हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगत. घरचे तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने आरोग्यदूत जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. यावर आमच्या व्यवसायातून कडाडून आक्षेप आले. इंजेक्शन आणि बिनडॉक्टरचं! ती भीती अगदीच खोटी नव्हती. जेंटामायसिनचा डोस चुकला तर किडनीला आणि कानाला त्रास होऊ शकतो. पण आकडे आले ते असे: जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले आधी शंभरात सुमारे १७ दगावत, उपचार सुरू झाल्यावर तीनहून कमी. ३९ गावांतला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे आलं, आणि जगभर वाद-चर्चा झाली.

२०११ मध्ये भारत सरकारने याच कामाच्या आधारे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू केल्या. इंजेक्शन मात्र आशांकडे दिलं नाही. पुढे २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत उपकेंद्राच्या एएनएमला ते देण्याची मुभा मिळाली. मला ही विभागणी ठीक वाटते, अट एकच, की एएनएम गावात राहणारी असावी आणि तिच्या हाताशी औषध असावं.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. ती आली की 'सगळं ठीक आहे' म्हणून दारातूनच परत पाठवू नका. बाळ उघडं करून दाखवा. काल किती वेळा पाजलं, किती वेळा लघवी झाली, ते आकड्यात सांगा. कालच्यापेक्षा काही वेगळं वाटत असेल, तर ते आधी सांगा, कारण नेमकं सांगता येत नसलं तरी चालेल. आणि बाळाने दूध सोडलं, अंग गार पडलं किंवा श्वास मिनिटाला ६० च्या वर दोनदा मोजूनही तेवढाच आला, तर तिच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात जा.