हिंजवडीत उणे चाळीस अंश!

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. माझी २०११ सालची छोटी पेट्रोल गाडी घेऊन मी वाकडच्या पुलाखालून हिंजवडीकडे निघालो होतो. बाहेर कडक ऊन. एवढ्यात समोरच्या पॅनेलवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि रेडिएटरचा पंखा जो सुरू झाला तो थांबेचना. जवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मुलाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. पडद्यावर अक्षरे उमटली : पी ०११८. "पाण्याच्या टेम्परेचरचा सेन्सर गेला, साहेब." नवा सेन्सर बसला, पैसे दिले. मारुंजीच्या फाट्यापर्यंत पोहोचलो नाही तोच दिवा पुन्हा हजर!

हा दिवा मुळात आला कोठून, याची हकिगत मोठी गमतीची आहे. तिचा उगम गाडीच्या बिघाडात नाही, शहराच्या धुरात आहे. १९४३ च्या सुमारास लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे धुके पसरू लागले. ते मोटारींच्या धुरातील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. १९७० मध्ये अमेरिकेत हवाशुद्धीचा कडक कायदा झाला. धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले; पण त्याला पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण अगदी नेमके, म्हणजे एका भाराला १४.७ भार, असे लागते. कार्बोरेटरला हे सतत जमणारे नव्हते. मग १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला आणि त्याच्या मागोमाग इंजिनात संगणक शिरला.

आता कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. एखादा सेन्सर बंद पडला तरी गाडी चालते, मालकाला कळतही नाही, आणि धूर मात्र वाढतो. तेव्हा गाडीनेच आपली चुगली केली पाहिजे! १९८८ च्या मॉडेलपासून तेथे तसा नियम आला. पण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. सॉकेटमधल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १४ किंवा १५ हा आकडा आला, तर पाण्याच्या तापमानाची तक्रार. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना सोळा पिनांचे एकच सॉकेट आणि एकच लिपी सक्तीची झाली. पी म्हणजे इंजिन-गिअरचे घराणे, त्यापुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक असलेला कोड, आणि उरलेले आकडे नेमक्या तक्रारीचे.

आपल्याकडे हे वारे न्यायालयातून आले. दिल्लीच्या हवेवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये आदेश दिला. १ एप्रिल २००० पासून देशभर नवे निकष लागू झाले आणि चोक ओढून गाडी सुरू करण्याचे दिवस हळूहळू सरले. १ एप्रिल २०१० रोजी 'भारत स्टेज ४' आधी तेरा शहरांत आले. त्यांत मुंबईसोबत पुणे होते आणि आपले सोलापूरही! त्याच टप्प्यावर गाडीने स्वतःचे दोष सांगण्याची सक्ती भारतात सुरू झाली, २०१३ मध्ये ती आणखी कडक झाली. पुण्याला हा विषय परका नाही. गाड्यांची तपासणी करणारी 'एआरएआय' ही संस्था १९६६ पासून येथेच आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीज यांची मुख्यालये आहेत. मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी आणि अभियांत्रिकीचे काम करणारी माणसे तेथे रोज त्या वाहतूक कोंडीतून कामाला जातात. त्यांच्या काचेच्या इमारतींपासून थोड्याच अंतरावर, माणच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्कर वायरमन काका बसतात. माझी गाडी शेवटी त्यांच्याकडे गेली.

काकांनी कोड वाचला, पण त्यावर न थांबता स्कॅनरवर तापमानाचा आकडा काढला. उणे ४० अंश! एप्रिलमध्ये, हिंजवडीत! (सेल्सियस आणि फॅरेनहाइट हे दोन्ही आकडे जेथे एक होतात, ते हेच तापमान.) हा सेन्सर म्हणजे एक साधा रोधक असतो. थंडीत त्याचा विरोध वाढतो, उष्णतेत घटतो; २० अंशाला सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशाला तीनशेच्या आसपास. तार तुटली की विरोध अनंत होतो आणि बिचाऱ्या संगणकाला वाटते, आपण बर्फात गाडले गेलो आहोत. मात्र एवढे अचाट थंड इंजिन शक्य नाही हेही त्याला शिकवलेले असते, म्हणून तो कोड नोंदवतो आणि इंजिन तापू नये यासाठी पंखा सुरूच ठेवतो. पी ०११८ चा अर्थ एवढाच : या जोडणीत व्होल्टेज जास्त दिसते. दोष सेन्सरचा की तारेचा, हे त्यात लिहिलेले नसते.

काकांनी सेन्सरचा कपलर काढला आणि त्याच्या दोन टोकांत पिन अडकवली. तार धड असती तर आकडा एकदम शंभराच्या पुढे उडाला असता. तो उणे ४० वरच राहिला. "साहेब, सेन्सर बिचारा चांगलाच होता," ते म्हणाले. इंजिनामागून जाणाऱ्या वायरिंगचे आवरण त्यांनी सोलले. आत उंदराने एक तार स्वच्छ कुरतडली होती! आमच्या सोसायटीमागे अजून शेत आहे.

तार जोडायला दहा मिनिटे लागली. कार्बोरेटरच्या काळात आवाजावरून दुखणे ओळखणारे हे काका स्कॅनर कधी शिकले, असे मी विचारले. "पोराने शिकवला," म्हणाले. "पण पिन माझी." काढलेला सेन्सर मी गाडीच्या खणात ठेवून दिला आहे. त्यांनी तो मीटरला लावून दाखवला होता, आकडा अगदी बरोबर आला.