फ्रान्स टेलिकॉम खटला : व्यवस्थापनाचे धोरणच जेव्हा छळ ठरते

कार्यालयातील छळ म्हटला की तापट साहेब, चारचौघांत केलेला अपमान आणि निमूटपणे सहन करणारा कर्मचारी असे चित्र डोळ्यांसमोर येते. छळ करणारी आणि छळ सोसणारी व्यक्ती एकमेकांना ओळखते, हे त्यात गृहीत धरलेले असते. फ्रान्समधील न्यायालयांनी मात्र यापुढचे पाऊल टाकले. कर्मचाऱ्यांची कधी भेटही न झालेले वरिष्ठ अधिकारी केवळ कंपनीचे धोरण आखून आणि ते राबवून छळाचे गुन्हेगार ठरू शकतात, असा निर्णय पॅरिसच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१९ रोजी दिला. २१ जानेवारी २०२५ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ‘संस्थात्मक मानसिक छळ’ ही संकल्पना त्यामुळे फ्रेंच न्यायव्यवस्थेत रुजली.

सरकारी खात्यापासून कंपनीपर्यंत

फ्रान्सची दूरध्वनी सेवा दीर्घकाळ टपाल व तार खात्याच्या अखत्यारीत होती. १९९६ च्या कायद्याने फ्रान्स टेलिकॉमचे कंपनीत रूपांतर झाले आणि १९९७ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. २००४ मध्ये सरकारचा हिस्सा निम्म्याखाली गेला. मधल्या काळात कंपनीने २००० मध्ये ब्रिटनमधील ऑरेंज ही मोबाइल कंपनी मोठी किंमत मोजून विकत घेतली. परिणामी २००२ पर्यंत तिच्यावरील कर्ज सुमारे ७० अब्ज युरोंवर पोहोचले. स्थिर दूरध्वनीचा व्यवसाय आटत होता आणि स्पर्धा वाढत होती.

खर्च कमी करणे अपरिहार्य होते. अडचण वेगळीच होती. निम्म्याहून अधिक कर्मचारी सरकारी नोकरीचा दर्जा घेऊन कंपनीत आले होते. त्यांना मंदीचे कारण देऊन कामावरून काढणे कायद्याने शक्य नव्हते. ते स्वतःहून जाणार असतील, तरच संख्या घटणार होती.

२२ हजारांचे उद्दिष्ट

२००५ मध्ये दिदिए लोंबार कंपनीचे प्रमुख झाले. २००६ ते २००८ या तीन वर्षांसाठी ‘नेक्स्ट’ ही पुनर्रचना योजना आणि तिच्या मनुष्यबळविषयक भागासाठी ‘अ‍ॅक्ट’ हा कार्यक्रम आखण्यात आला. सुमारे १ लाख २० हजार कर्मचाऱ्यांपैकी २२ हजारांनी कंपनी सोडावी आणि आणखी १० हजारांची अन्य कामांवर बदली व्हावी, असे उद्दिष्ट ठरले. कागदोपत्री हे सारे ‘स्वेच्छेने’ होणार होते.

२० ऑक्टोबर २००६ रोजी पॅरिसमध्ये वरिष्ठ व्यवस्थापकांची बैठक झाली. कर्मचारी दरवाजातून जावोत की खिडकीतून, या ना त्या मार्गाने आपण हे उद्दिष्ट गाठणारच, अशा आशयाचे उद्गार लोंबार यांनी तेथे काढले. पुढे या बैठकीचा वृत्तांत खटल्यातील महत्त्वाचा पुरावा ठरला.

दबावाची यंत्रणा

या प्रकरणात आरडाओरडा किंवा शिवीगाळ हा मुख्य मुद्दा नव्हता. दबाव वरून खाली, पायरीपायरीने झिरपत होता. व्यवस्थापकांच्या वेतनाचा काही भाग त्यांच्या विभागातून किती जण गेले, याच्याशी जोडण्यात आला. हजारो व्यवस्थापकांना यासाठी प्रशिक्षण देण्यात आले. आप्ताच्या निधनानंतर माणूस दुःखाच्या ज्या टप्प्यांतून जातो, त्यांचा आलेख या प्रशिक्षणात वापरला गेला. पद गमावणारा कर्मचारी आधी नाकारेल, मग चिडेल, खचेल आणि शेवटी स्वीकारेल, असे व्यवस्थापकांना शिकवले जात होते. कर्मचाऱ्याला होणारा त्रास या योजनेत आधीच हिशेबात धरलेला होता.

प्रत्यक्षात वर्षानुवर्षे तारांच्या जोडणीचे काम केलेल्या तंत्रज्ञांना कॉल सेंटरमध्ये बसवून ठरलेल्या मजकुरावर विक्री करायला लावण्यात आले. काहींची घरापासून दूर बदली झाली. काहींची कार्यालयेच बंद झाली. काहींना कामच दिले गेले नाही; टेबल होते, वेतन होते, पण जबाबदारी नव्हती. बाहेरच्या नोकऱ्यांची माहिती देणारी ईमेल येत राहिली. अधिकाऱ्यांनी दर तीन वर्षांनी जागा बदलावी, हा दंडक असल्याने कनिष्ठाला ओळखणारा वरिष्ठही फार काळ टिकत नसे. एकेकटी घेतल्यास यातील अनेक कृती प्रशासकीय वाटतात. त्या वारंवार, ठरवून आणि एकाच हेतूने होतात, तेव्हा त्यांचे स्वरूप बदलते.

२००९ : प्रश्न चव्हाट्यावर

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. कामगार संघटनांनी २००७ मध्येच तणाव व सक्तीच्या बदल्यांची नोंद ठेवणारे निरीक्षण केंद्र स्थापन केले होते. कंपनीचे डॉक्टरही वाढत्या तक्रारींकडे लक्ष वेधत होते. जुलै २००९ मध्ये मार्सेय येथील एका तंत्रज्ञाने आत्महत्या केली आणि तिचे एकमेव कारण आपली नोकरी असल्याचे लिहून ठेवले. सप्टेंबरमध्ये आणखी घटना घडल्या. २००८ व २००९ या दोन वर्षांत ३५ कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद झाली. त्याच सप्टेंबरमध्ये लोंबार यांनी आत्महत्यांच्या ‘फॅशन’चा उल्लेख केला आणि देशभर संताप उसळला. त्याबद्दल त्यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली.

सक्तीच्या बदल्या थांबवण्यात आल्या. कर्मचाऱ्यांची पाहणी हाती घेण्यात आली, तेव्हा सुमारे ८० हजार जणांनी प्रश्नावली भरून दिली. मार्च २०१० मध्ये कंपनीचे नेतृत्व स्टेफान रिशार यांच्याकडे आले. कंपनीने २०१३ मध्ये ऑरेंज हे नाव धारण केले.

खटला आणि निकाल

२००९ च्या अखेरीस एका कामगार संघटनेने तक्रार दाखल केली. कामगार निरीक्षकांचा अहवाल २०१० मध्ये सरकारी वकिलांकडे गेला. प्रत्यक्ष सुनावणी सुरू व्हायला मात्र मे २०१९ उजाडला. न्यायालयासमोर ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणे होती. त्यांपैकी १९ जणांनी आत्महत्या केली होती, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता आणि ८ जण नैराश्याने आजारी झाले होते.

लोंबार, लुई-पिएर वेनेस आणि ओलिव्हिए बारबेरो या तिघांना एक वर्षाची कैद व १५ हजार युरो दंड झाला. कैदेपैकी आठ महिने स्थगित होते. अन्य चौघांना साहाय्य केल्याबद्दल शिक्षा झाली. कंपनीला ७५ हजार युरो, म्हणजे कायद्यातील कमाल दंड झाला. कंपनीने अपील केले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने लोंबार आणि वेनेस यांना दोषी ठरवले, मात्र त्यांची कैद पूर्णपणे स्थगित केली. आपण कोणालाही व्यक्तिशः त्रास दिला नाही, छळासाठी निश्चित बळी असावा लागतो, हा बचाव २०२५ मध्ये अखेरच्या पायरीवरही टिकला नाही.

या निकालातील एक भेद महत्त्वाचा आहे. नोकरकपात करणे, नफ्याचा विचार करणे किंवा कामाची शिस्त लावणे यांना न्यायालयाने गुन्हा मानलेले नाही. उद्दिष्ट गाठण्यासाठी निवडलेले मार्ग बेकायदा होते, असे न्यायालयाचे म्हणणे आहे. २००२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये मानसिक छळ हा फौजदारी गुन्हा झाला होता. त्याच्या व्याख्येत कामाची परिस्थिती बिघडवणाऱ्या आणि प्रतिष्ठा, आरोग्य किंवा व्यावसायिक भवितव्याला बाधा आणू शकणाऱ्या वारंवार कृतींचा समावेश होतो.

भारतात काय?

भारतात लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा स्वतंत्र कायदा झाला. १९९७ च्या ‘विशाखा’ निकालाची त्याला पार्श्वभूमी होती. लैंगिक नसलेल्या मानसिक छळाची फ्रान्ससारखी व्याख्या मात्र त्यात नाही. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबीय आत्महत्येस प्रवृत्त केल्याची तक्रार करतात. पण तेथे थेट चिथावणी व हेतू सिद्ध करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्धचा खटला रद्द केला. त्याच वर्षी पुण्यातील एका कार्यालयातल्या तरुण कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर कामाच्या ताणाची देशभर चर्चा झाली होती.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात एक उपयुक्त तरतूद करण्यात आली. व्यवस्थापनाच्या धोरणाचा बुरखा पांघरून दुष्ट हेतूने केलेली बदली ही त्यात अनुचित कामगार प्रथा ठरवण्यात आली. फ्रान्स टेलिकॉममध्ये जे घडले, त्याच्या हे बरेच जवळ जाते. परंतु ही तरतूद ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांपुरती ठेवण्यात आली. व्यवस्थापकीय पदनाम मिळालेला, पण प्रत्यक्षात वरून आलेले आदेश खाली पोहोचवणारा नोकरदार तिच्याबाहेर राहिला.

फ्रान्समध्येही पहिल्या तक्रारीपासून पहिल्या निकालापर्यंत दहा वर्षे गेली. खटला उभा राहिला तो बैठकांचे वृत्तांत, प्रशिक्षणाची टिपणे, डॉक्टरांचे अहवाल, कामगार निरीक्षकांची पाहणी आणि संघटनांच्या नोंदी यांच्या आधारे. ज्या कर्मचाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी त्या काळात बदलीचे आदेश, तारखा आणि तक्रारी लिहून ठेवल्या, त्यांच्या कागदांमुळेच ‘स्वेच्छेने’ या शब्दामागचे वास्तव न्यायालयापुढे येऊ शकले.